अंगण वाकडंच आहे

रविवार, ३ सप्टेंबर

रिमोट कार क्लबच्या मोसमाची पहिली रेस. ब गटात आठ गाड्या, मी चौथा. चौथा! ज्या माणसाच्या सहीशिवाय कारखान्यातून एक पंप बाहेर पडत नाही, तो माणूस चौथा. गाडी खोक्यातून काढली तशीच पळवली, त्याचं हे फळ. कंपनीची सेटिंग म्हणजे तयार कपडे. कोणाच्याच अंगाला नीट बसत नाहीत.

साडू सातवा. त्याला क्लबात मीच आणला, सौ.च्या धाकट्या बहिणीने गळ घातली म्हणून. गाड्या दोघांनी एकत्र घेतल्या, अगदी एकसारख्या. दोन्हींची जोडणी मी केली, आमच्या डायनिंग टेबलावर. वेळ मोजायच्या चिपासुद्धा मीच बसवल्या. साडूच्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला तर तो त्याने कान कोरेल. त्याला बजावलं आहे, एकाही स्क्रूला हात लावायचा नाही. हो दादा म्हणाला. ऐकतो, एवढं एक चांगलं. पण सातवा आला तरी हसत होता. हरल्यावर हसणाऱ्या माणसाचा मला भयंकर राग येतो.

संकल्प: नोव्हेंबरमधली शेवटची रेस जो जिंकतो तो अ गटात जातो. मी जाणार. कारखान्यात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

सोमवार, ४ सप्टेंबर

टेबलावरून सौ.शी वाजलं. म्हणाली, टेबल जेवायचं आहे, गॅरेज नव्हे. मी विचारलं, जेवण काय कुठेही होतं, ट्यूनिंग कुठेही होतं का? शेवटी तह. अ गटात गेलो तर टेबल कायमचं माझं. नाही गेलो तर त्याच संध्याकाळी सगळं सामान खाली. मी लगेच कबूल. समोरचा हरणार हे माहीत असताना करार करायला मला जरा वाईट वाटतं, पण तिनेच विषय काढला.

पोरं सोफ्यावर मांडीत ताटं घेऊन जेवली. होईल सवय.

बुधवार, ६ सप्टेंबर

पहिला सराव. सरावाला आपापली चिप. गाडी रेषेवरून गेली की भिंतीवरच्या स्क्रीनवर नावासमोर फेरीची वेळ येते. माझ्या नावासमोर अठरा सेकंद. साडूच्या नावासमोर सतरा. सातव्या नंबरच्या माणसाला सतरा! आंधळ्याच्या गाई देव राखतो, दुसरं काय.

उद्यापासून ट्यूनिंग.

बुधवार, १३ सप्टेंबर

पुढच्या स्प्रिंगा काढून कडक घातल्या. शॉक ॲब्सॉर्बरमध्ये घट्ट तेल भरलं. खरं सांगायचं तर गाडी हाताला जरा अडल्यासारखी वाटली. वळणावर वळायचं सोडून दोनदा सरळ भिंतीला भेटून आली. पण स्क्रीनवर? सतरा! एक सेकंद कमी. साडू साडेसतरावर घसरला.

हाताला काय वाटतं त्याला काडीची किंमत नाही, आकडा काय म्हणतो ते बघायचं. हे वाक्य माझ्या विभागात भिंतीवर लावणार आहे.

रविवार, १७ सप्टेंबर

रेस. सहावा. साडू पाचवा.

संतापाने जेवण गेलं नाही. क्लबमध्ये नियम असा की तुमची रेस संपली की पुढच्या रेसला तुम्ही वळणावर उभं राहायचं आणि उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. माझ्या वळणावर दातांचा डॉक्टर होता. अ गटाचा चॅम्पियन म्हणे. माझी गाडी चाकं वर करून पडली आहे आणि हा बुटाची नाडी बांधतोय! मी ओरडलो. नंतर सगळ्यांसमोर हसत म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं.

बघून घेईन.

सोमवार, १८ सप्टेंबर

कारखान्यातली स्पिरिट लेव्हल घेऊन गेलो. सगळा ट्रॅक गुडघ्यांवर रांगत मोजला. तिसऱ्या वळणाला उतार आहे! अंगण वाकडंच आहे. सेक्रेटरीला तिथल्या तिथे लेखी दिलं. त्याने वाचलं आणि म्हणाला, वाकडं आहे, पण सगळ्यांना सारखंच वाकडं आहे. ही काय उत्तर द्यायची रीत झाली? अशी माणसं पदावर बसतात म्हणून संस्था बुडतात.

बुधवार, ४ ऑक्टोबर

मागच्या चाकांचे कोन बदलले. टायरची पकड वाढवायचं रसायन मागवलं होतं, ते लावलं. घरभर वास. सौ. पोरांना घेऊन बाल्कनीत जाऊन बसली. टेबलावर दोन-चार गोल डाग पडलेत, त्यावर टूलबॉक्स ठेवला आहे.

निकाल: सोळा! साडू अठरा. मी वर चाललोय, तो खाली. गाडी सहा वेळा उलटली, पण उलटण्याच्या मधल्या काळात ती प्रचंड वेगात असणार, त्याशिवाय सोळा येणार नाहीत.

साडूला जवळ घेऊन शॉकच्या तेलाबद्दल अर्धा तास समजावलं. मान डोलावत होता. शेवटी म्हणाला, दादा, मला फक्त चालवायला मजा येते. याला म्हणतात गाढवापुढे वाचली गीता.

रविवार, ८ ऑक्टोबर

सातवा. साडू तिसरा.

आता प्रकाश पडला. साडू सरावात मुद्दाम हळू चालवतो! आपली खरी ताकद लपवतो आणि रेसला झडप घालतो. वरून भोळा, आतून पोचलेला. सेक्रेटरीकडे तक्रार केली. सेक्रेटरी म्हणाला, हळू चालवण्याविरुद्ध नियम नाही.

घरी येतो तर मेहुणीचा फोन आधीच आलेला. तिचं म्हणणं, आमच्या ह्यांना कपट जमत असतं तर आतापर्यंत बढती मिळाली नसती का? सौ. फोनवर हसत होती. माझ्याच घरात, माझ्याच फोनवर.

बुधवार, १८ ऑक्टोबर

हद्द झाली!

साडूला ताप, आला नाही. ट्रॅकवर मी एकटा. तासभर गाडी पळवली, घामाघूम झालो. स्क्रीनवर बघतो तर माझ्या नावासमोर एकही फेरी नाही. कोरं! आणि साडूच्या नावासमोर फेऱ्यांची ही भली मोठी रांग. एकोणीस सेकंद, एकोणीस, साडेएकोणीस. माणूस घरी पांघरुणात कण्हतोय आणि इथे फेऱ्या मारतोय! वर त्या फेऱ्यासुद्धा इतक्या रद्दड.

सेक्रेटरीला फैलावर घेतलं. विचारलं, वर्गणी कशाला घेता, असला कॉम्प्युटर पोसायला? त्याने डोकं खाजवलं. म्हणाला, तुमची चिप एकदा तपासू का? मी म्हटलं, आधी तुमचा कॉम्प्युटर तपासा, मग दुसऱ्याच्या गाडीत हात घाला. चोराच्या उलट्या बोंबा.

घरी सौ.ला सगळं सांगितलं. ती भाजी चिरता चिरता थांबली. म्हणाली, अहो, त्या दोन चिपा तुम्हीच बसवल्यात ना? याची त्यात आणि त्याची यात असं तर नाही ना झालं? मी शांतपणे विचारलं, कारखान्यात रोज किती पंप माझ्या हाताखालून जातात माहीत आहे का? ती म्हणाली, म्हणूनच विचारलं.

तिच्याशी दोन दिवस बोलणार नाही.

बुधवार, २५ ऑक्टोबर

साडू बरा झाला. योगायोगाने कॉम्प्युटरही बरा झाला. माझ्या फेऱ्या पुन्हा माझ्या नावावर. आणि काय फेऱ्या! पंधरा! अख्ख्या ब गटात कोणाचे पंधरा नाहीत. साडू वीसवर. तापाचा अशक्तपणा असेल, मला खरंच वाईट वाटलं.

या आठवड्यात गाडीची उंची कमी केली होती आणि पुढे शिसं चिकटवलं होतं. गाडी आता ट्रॅकवर अंथरलेल्या कार्पेटला पोट घासत जाते. आवाज येतो, पण वेगाचा आवाज येणारच.

रविवार, २९ ऑक्टोबर

आठवा. आठांत आठवा. साडू दुसरा. अशक्त साडू!

दुपारभर डोकं धरून बसलो आणि मग कोडं सुटलं. सराव आणि रेस यांत फरक काय? गाडी तीच, ट्रॅक तोच, हात तेच. फरक फक्त चिपचा! सरावाला माझी स्वतःची चिप आणि रेसला क्लबच्या डब्यातली, सगळ्यांकडे स्वतःची नाही म्हणून. त्या भिकार चिपा माझा घात करतात. एवढं सोपं, आणि कोणाच्या डोक्यात आलं नाही.

सेक्रेटरीला पत्र दिलं. शेवटच्या रेसला मला आणि साडूला स्वतःच्या चिपा लावू द्या, नाहीतर राजीनामा. साडूचं नाव न्याय म्हणून घातलं, मागून कोणी बोलायला नको. सेक्रेटरीने हात जोडले. म्हणाला, लावा बाबा. पण मग स्क्रीन सांगेल तोच निकाल, नंतर तक्रार चालणार नाही.

मी म्हटलं, तेच तर हवंय.

रविवार, ५ नोव्हेंबर, सकाळ

चार्जिंग पूर्ण. टेबलावर कायमचा दिवा लावून घेण्याबद्दल इलेक्ट्रिशियनशी बोलून ठेवलं. सौ. रेस बघायला येणार म्हणते. येऊ दे, बघू दे.

रविवार, ५ नोव्हेंबर, दुपार

कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

पहिल्याच वळणावर माझी गाडी उलटली. डॉक्टर धावला, सरळ केली. पुन्हा उलटली. इतक्यात लाउडस्पीकरवर सेक्रेटरी ओरडला, आघाडीवर कोण, तर मी! माझं नाव! गाडीची चाकं छताकडे आहेत आणि मी आघाडीवर आहे. आणि एक क्षण, फक्त एकच क्षण, मला वाटलं की आधी एवढी आघाडी घेतली असणार की आता थांबलो तरी चालतंय.

मग हॉलमध्ये हशा पिकायला लागला. सेक्रेटरी स्क्रीन वाचून दर फेरीला माझं नाव घ्यायचा आणि दर फेरीला रेषेवरून साडूची गाडी जायची. पाचव्या फेरीपर्यंत सगळ्यांना कळलं. सौ.ने तोंडावर पदर धरला होता. कळलं नाही ते फक्त साडूला. त्याने पहिल्या नंबरने रेषा ओलांडली, स्पीकरवर माझं नाव ऐकलं आणि धावत येऊन मला मिठी मारली. म्हणाला, दादा, जिंकलात तुम्ही! त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. असा राग आला! हसणाऱ्यांचा आला नाही तेवढा याचा आला.

सेक्रेटरीने दोन्ही गाड्यांची झाकणं उघडली आणि चिपांचे नंबर वाचले. माझी त्याच्यात, त्याची माझ्यात. पहिल्या दिवसापासून. सेक्रेटरीने जाहीर केलं, दादांची चिप पहिली आली खरी, पण साडूच्या गाडीत बसून, म्हणून पहिला साडू. हात दाखवून अवलक्षण.

तेवढ्यावर थांबता आलं असतं, पण सेक्रेटरी कर्तव्यदक्ष. त्याने दोन बटणं दाबून सगळ्या मोसमाच्या सरावातली नावं बदलून टाकली. स्क्रीनवर नव्याने रांग लागली. सोळा साडूचे. पंधरा साडूचे. माझ्या नावाखाली सतरा, साडेसतरा, अठरा, एकोणीस, वीस. सतरा सहा सप्टेंबरचे, गाडी खोक्यातून आली तशी होती तेव्हाचे. प्रत्येक ओळीसमोर मला आठवत होतं, त्या आठवड्यात मी काय सुधारलं होतं.

डॉक्टरने साडूला सेटिंग विचारली. साडू म्हणाला, माहीत नाही बुवा, दुकानातून आली तशीच आहे, दादांनी हात लावू नको म्हणून सांगितलंय. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. अंगणाबद्दल काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

रविवार, ५ नोव्हेंबर, संध्याकाळ

सामान खाली उतरवलं. करार म्हणजे करार. सौ.ने डागांवर चादर घातली. रागवायचं तर कोणावर? ट्रॅक, सेक्रेटरी, डॉक्टर, कॉम्प्युटर, सगळ्यांना एकेक करून आठवून पाहिलं. एकही कामाचा निघाला नाही.

साडू आणि मेहुणी जेवायला आले. सौ.नेच बोलावलं होतं. जेवता जेवता साडू म्हणाला, दादा, आता अ गटात डॉक्टरांशी गाठ आहे. मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही सांगाल ते बदलतो. स्प्रिंगा? तेल? टायरचं ते रसायन?

थट्टा असेल म्हणून नीट बघितलं. थट्टा नव्हती. खरंच विचारत होता. अख्खा मोसम मी वाट बघत होतो की हे मला कोणीतरी विचारावं. उत्तर जिभेवर होतं, पुढच्या स्प्रिंगांपासून शिशापर्यंत सगळं. सौ.चा घास हातात थांबला होता.

मी म्हटलं, काही बदलू नकोस.

काहीच नाही? त्याने विचारलं.

नाही म्हटलं, आहे तशीच पळव. आणि तुझ्या गाडीला मला हात लावू देऊ नकोस.

खुर्च्या पुरल्या नव्हत्या म्हणून मी पोरांच्या बुटक्या स्टुलावर बसलो होतो. ताट हनुवटीला लागत होतं.