उपाशी गोधडी

सौंदड, वैशाख वद्य तृतीया. सायंकाळ.

आज महादूची गोधडी पुरी झाली. उन्हाळ्याची, म्हणून दोनच पदरी. आईचं जुनं लुगडं आणि मधोमध त्याचा लहानपणचा निळा सदरा. सदऱ्याचा खिसा तसाच ठेवला. अंगणात निजताना माझा हा धाकटा भाऊ त्याच खिशातून मला रानातली चारं, चारोळीची ती काळी फळं, काढून द्यायचा, घामानं ओलसर झालेली.

सासूबाईंनी कोपरा चाचपला. "भाकरीचा तुकडा नाही घातला? इले उपाशी काऊन ठेवली व?"

शेवटच्या टाक्याआधी तुकडा ठेवायचा, हे मी विसरले कशी? लगेच कोपरा उसवला, तुकडा घातला, पुन्हा शिवला. त्यांचं बोट खिशावरच. "अन् जित्या मानसाचा कपडा कायले टाकला?" मी हसले. का हसले?

महादू देवरीच्या रानात लाकूडतोडीला गेलेला. परवाच यायचा होता. दुपारी त्याचा सोबती एकटाच आला. बसला नाही, पाणी घेतलं नाही. "घरी कोनी गडीमानूस हाये का?" हे घरीच होते; त्याच्यासोबत गेले ते अजून आले नाहीत.

हातातलं गाठोडं मात्र तो ओट्यावर ठेवून गेला. मी सोडून पाहिलं. महादूचेच कपडे, नीट घडी केलेले.

महादूनं जन्मात कधी घडी केली नाही.