दुर्बीण किती उंच बसवू, बाबा?

प्रिय बाबा,

जीपच्या मागच्या सीटवर बसून लिहितेय. पिंपळगाव राजाच्या अलीकडे एका शेतातल्या गोठ्यात पहाटे बिबट्या शिरला आणि मालकीणबाईंनी, कमलाकाकूंनी, बाहेरून कडी घातली. तो कडब्यामागे दडलाय, पण आत त्यांची कालवडही आहे. भुलीचं इंजेक्शन मारायची परवानगी वरून यायची आहे. तोवर बंदूक माझ्या मांडीवर. तुमच्याशी नाही बोलायचं तर कोणाशी?

इतकी वर्षं मी जनावरांची डॉक्टर आणि तुम्ही वनखात्याच्या पथकाचे नेमबाज. "तू सुई भर, बाकीचं मी पाह्यतो," म्हणायचात. एकदा तरी बंदूक माझ्या हाती द्यायची होती की! तुम्ही गेलात आणि पथकाने ती मलाच दिली. राग येतो तुमचा, खरंच सांगते.

बंदुकीसाठी परवा नवी दुर्बीण आली. पुढची काच चांगली मोठी. दुर्बीण धरणाऱ्या मधल्या उंचीच्या रिंगांवर बसवली तर काच बंदुकीच्या नळीला टेकेल असं वाटलं, म्हणून मी सगळ्यात उंच रिंगा लावल्या. लांबून नेम धरून पाहिला, बरोबर लागला. काय खूश झाले होते मी!

आज गोठ्याची खिडकी पाहिली आणि चूक कळली. हात आत घातला तर शेपूट हाती येईल, इतक्या जवळ तो बसलाय. दुर्बीण नळीपासून जितकी उंच, जवळून मारलेली सुई तितकी खाली लागणार. मांडीऐवजी पोटात घुसली तर? थोडं वर धरून मारता येईल म्हणा, पण उंच दुर्बिणीतून पाहायला मान उचलावी लागते आणि गाल दस्त्यावर टेकतच नाही. डोळा दर वेळी वेगळ्या जागी! मग कसला भरवसा?

तुम्ही काच आणि नळीच्या मधून ज्वारीचा दाणा सरकवून पाहायचात. "दाणा गेला का बस. चिंचोका गेला म्हंजे लय उचललं तू." मीही दाणा लावून पाहिला होता हो बाबा! तो अडला म्हणून तर उंच रिंगा घेतल्या. पण काचेवरचं रबरी झाकण तसंच होतं, त्याच्याच जाडीत दाणा अडला. नेम धरायची वेळ सोडली, तर धुळीपायी आपल्याकडे ते कोणी काढतं का? आत्ता काढलं, तर दाणा कसला, चिंचोके एकावर एक जातील.

वनरक्षक विलास म्हणाला, "मॅडम, आता रिंगा बदलल्या तं नेम पुन्ना धरा लागन. तेवढा टाइम हाय का आपल्यापाशी?"

कमलाकाकू जीपपाशी आल्या. "काऊन उशीर करून राह्यली वं माय? माही कालवड वरडू वरडू थकली."

बदलल्या रिंगा. स्क्रू मातीत पडला, शोधावा लागला. मग पल्याडच्या शेतात ओलं पोतं बांधलं, खिडकीतून जेवढं अंतर तेवढ्यावरच, आणि सुईत नुसतं पाणी भरलं. पहिली सुई डावीकडे गेली. दुर्बीण सारखी केली. मग मात्र खडूच्या खुणेतच लागत गेल्या. गालही नीट टेकला. "जमलं," विलास म्हणाला. मला कुठे तसं वाटतंय? पोतं श्वास घेत नाही, बाबा. ते अंगावर उडी मारत नाही.

परवानगी आली. पण कालवडीचा आवाज मघापासून थांबलाय.

शब्द देते तुम्हाला. आत काहीही दिसलं तरी रागाच्या भरात चाप ओढणार नाही. गाल टेकल्याशिवाय तर नाहीच, लोकांनी बाहेर कितीही आरडाओरडा केला तरी. आणि बिबट्या झोपला की त्याच्या नाकाशी हात धरून, श्वास पाहत मीच बसेन. गाव काठ्या घेऊन दारात आलं तरी तिथून उठणार नाही.

भीत भीत का होईना, जीपमधून खाली उतरणारी,
तुमची संध्या