हूक मागं, तोंड वर

3 डिसें. 2004
आज बाळूनं पिकअप आणली. लेकाची पहिली गाडी! मी म्हणलं, हार मंग घाल, आधी मला मारुतीच्या देवळापर्यंत चक्कर मारून आण. खिडकीतून पदर फडफडून राह्यला, सरला सुनबाई हसून बेजार. साक्षरता वर्गाला गेल्ते ते बरं झालं, न्हाईतर हे लिहिलं कुणी असतं.

5 डिसें.
मोसंबी आपणच जालन्याला नेणार. मागं जुनी दोन चाकी ट्रॉली बी ओढायची. लावून बघितली तं वळताना ती पिकअपला घासली, म्हणून सलीम वेल्डरनं दांडी जोडून पिकअपचा हूक हातभर मागं काढला. तो म्हन्ला, "बाळूभाऊ, हूक मागच्या चाकाच्या जवळच बरा." बाळू म्हन्ला, "मंग वळवू कुठं, तुझ्या घरात?"
खोबऱ्याचे लाडू केले. सलीमला दोन दिले.

8 डिसें.
पहिली खेप. बाळूचं तोंड उतरलेलं. ट्रॉली शेपटावानी झुलती, रस्ताभर.
बघितलं तर सगळा माल ट्रॉलीच्या मागच्या अंगाला! अरे, उलाळ गाडी म्हणतात ती हीच. मागं जड झालं की जू वर जातं, बैलाला फास बसतो. सासऱ्यांनी कधी मागं पोतं टाकू दिलं न्हाई. म्हणलं, माल पुढं घे, जुवाकडं.
"माय, तू तं इंजिनीअर निघालीस."
गल्लीभर सांगत सुटला. मी बी चढले हरबऱ्याच्या झाडावर.

9 डिसें.
क्रेट मी उभं राहून भरून घेतले. सगळे पुढं. झुलणं बिलकुल बंद!! पिकअप मागून बसली, तोंड आभाळाकडं. म्हणलं, बघा कशी ऐटीत चालली.

11 डिसें.
पुलाच्या वळणावर गाडी वळलीच न्हाई. सरळ खाली. बाळू

13 डिसें.
जालन्याचा दवाखाना. कमरेखाली काही कळत न्हाई त्याला. डॉक्टर म्हणतात, बघू.
सलीम आल्ता. मला बाहेर नेऊन हळूच म्हन्ला, "मावशी, बैल मानंवर वजन घेतो. इथं हूक मागच्या चाकाच्या बी मागं, लांब. हूक दबला की पुढची चाकं उचलतात. स्टेअरिंग नुसतं नावाला ऱ्हातं."
बराबर समजलं मला. एवढं तरी समजायला नको होतं.

16 डिसें.
जालन्याचे मोसंबी घेणारे भेटून गेले. चांगली माणसं. बाळू त्यांना म्हन्ला, "झुलणं आमच्या मायनं थांबवलं. वळणावर माझंच काही चुकलं."
म्हणजे सलीमनं त्याला हुकाचं सांगितलं न्हाई.

19 डिसें.
आज सांगायचंच म्हणून सरलाला चहाला पाठवलं. म्हणलं, बाळू, ऐक. तो म्हन्ला, "आधी पाय चोळ, माय."
चोळत बसले. "कळतंय का रे?"
"चोळून राह्यलीस का? जरा जोरात चोळ."