दीडशे टॉवेल, टेंभुर्णीला

सांगोला, ३ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. सयाजीकाकांना सा. न. वि. वि.

माउली तुमचा टेम्पो घेऊन आलाय, त्याच्याच हाती हे पत्र देते. काकूंना सांगा, मी वेळेवर जेवते. आज मन हलकं आहे. लग्न थांबवून बालगृहात ठेवलेली आठवीतली एक मुलगी घरी गेली. नावगाव विचारू नका, सांगता येत नाही. बाप मेंढरं राखतो. अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही, असं हमीपत्र त्यानं बालकल्याण समितीपुढे दिलं, वर बिरोबाची शपथ घेतली. मुलीला मी त्याच्यासमोरच विचारलं, घरी जायचंय ना. ती व्हय म्हणाली. माझ्या अहवालावरच तिला सोडलं.

आशीर्वाद आहेतच, ते तसेच राहू द्यावेत.

आपली,
उत्कर्षा


अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर, ११ फेब्रुवारी

चि. उत्कर्षा हिस अनेक आशीर्वाद.

फोन केलाच असता, पण माझ्या सहीचा कागद तुझ्या साहेबांपुढे ठेवता यावा म्हणून लिहितोय. वाटेत कुठं थांबू नको असं माउलीला बजावलंय.

सकाळी सांगोल्याकडचा बिरुदेव नावाचा माणूस आला. दीडशे टॉवेल अन् दीडशे टोप्या, उद्या दहाच्या आत. लग्न कुणाचं विचारलं तर म्हणाला, लग्न न्हाय, नातवाचं जावळ हाय. बरं म्हटलं. उठता उठता नवरदेवासाठी म्हणून जरीकाठाचा एक वेगळा मागितला. जावळाला नवरदेव कुठला गं?

मग चहा पाजून बसवला. तेवढ्यात त्याला फोन आला. बाहेर माग खडखडत होते, त्याला वाटलं म्हाताऱ्याला काय ऐकू येतंय. पण कामगार माझ्याविषयी काय बोलतात ते मी तीस वर्षं याच आवाजात ऐकत आलोय. तो सांगत होता, सुकन्या घरी आलीय, बाईला कागद दिलाय, आता कोण बघाय येतंय.

तू घरी सोडलेली मुलगी हीच असणार. मी हसून म्हटलं, पाव्हणं, एवढं ओझं कशाला वाहता, घरपोच देतो की. त्यानं खुशीत पत्ता दिला. त्याचं गाव नाहीच, टेंभुर्णीला नवऱ्याच्या मामाची वस्ती. पत्ता मागच्या पानावर आहे. अक्षता उद्या दुपारी.

स्वतःवर चिडायचं ते मागाहून. आधी नीघ.

तुझा,
सयाजीकाका


सांगोला, १४ फेब्रुवारी

ती. स्व. काकांना सा. न.

लग्न थांबलं. पोलिसांना घेऊन पोचलो तेव्हा सुकन्या हळदीनं पिवळी होऊन बसली होती. तिचा बाप बिरुदेव मला नको नको ते बोलला. सुकन्याला घेऊन परत आलो. बालगृहात दार लावून एकटीशी बसले, तेव्हा म्हणाली, त्या दिशीबी मला जायचं नव्हतं, पण आण्णा शेजारीच बसला हुता, तुमी त्याला भायेर काढाय पायजे हुतं.

काका, चूक माझीच आहे. साहेब म्हणतात, अहवालात पालकांनी फसवलं एवढंच लिही, आपलं कशाला. पण सोमवारी समितीपुढे बिरुदेव नवं हमीपत्र आणणार. पुन्हा त्याच्यासमोर विचारलं तर ती पुन्हा व्हय म्हणेल, आणि या वेळी टेंभुर्णीचा पत्ता तुम्हाला कोण देणार?

काय करू, ते कळवा.

उत्कर्षा


सोलापूर, १५ फेब्रुवारी

चि. उत्कर्षाला आशीर्वाद.

झालं तसं लिही, तुझ्या चुकीसकट. साहेब रागावले तर रागावू देत. माझंही लिहून देतो. जन्मभर लग्नाचे टॉवेल विकले, नवरी कितवीत आहे हे एकदाही विचारलं नाही. आता विचारतो. काल एक गिऱ्हाईक त्यावरून फणकाऱ्यानं निघून गेलं, तुझी काकू म्हणते धंदा बुडवा आता.

बिरुदेव काल येऊन गेला. शिव्या देऊन दमल्यावर चहा प्यायला. त्याला अजून कळलेलं नाही, त्याचं चुकलं काय.

सोमवारी मी येतो. पोरीला आधी एकटीला आत बोलवायला सांग, अन् दार लावून घ्या. बिरुदेवाला मी बाहेरच्या बाकावर धरून बसतो. त्याचं सगळं मी ऐकून घेईन. तिचं तुम्ही ऐका.

माया आहे, म्हणून एवढं लिहिलं.

सयाजीकाका