दाराला कडी न लावता

अहो आई,

गेलेल्या माणसाला पत्र लिहिण्याइतकी मी अजून भ्रमिष्ट झालेली नाही. पण सोमवारी बगरू गावच्या सरकारी शाळेत मला पाठ घ्यायला उभं राहायचंय, आणि घरात बी.एड. हा शब्द काढला की तुमचे चिरंजीव पेपर उघडून बसतात. मग सांगू कोणाला?

हा बी.एड.चा हट्ट तुमचा. अकोल्याहून इथे, या हिंदी मुलखात राहायला आलात आणि पहिल्याच आठवड्यात म्हणालात, सानिकाला मी सांभाळते, तू शीक. माझे वर्ग सुरू झाले आणि पंधरवड्याच्या आत तुम्ही झोपेतच गेलात. ही काय रीत झाली, आई?

मी दमलेय हो. सकाळी डबे करायचे, सानिकाला शेजारच्या भाभीजींकडे सोडायचं, मग कॉलेज, परत स्वयंपाक. पाठाचं टाचण लिहायला बसले की पेन हातात तसंच राहतं आणि डोळा लागतो. हे म्हणतात, यंदा राहू दे, पुढे बघू. चिडून नाही म्हणत, काळजीनेच म्हणतात. आणि मला ते ऐकून बरं वाटतं, याचीच भीती वाटते!

शनिवारी शाळा बघून आले. आपल्या घरून, खातीपुऱ्याहून, दोन बस बदलून जावं लागतं. मला आठवीचा वर्ग दिलाय. मुलांच्या घरी कापडावर ठसे मारायचं काम चालतं. ऊन पडलं की कापड पसरायला आणि आभाळ आलं की गोळा करायला घरी हात लागतात, म्हणून मुलं तासातून उठून पळतात. माझ्याआधीच्या बी.एड.वाल्या बाईंनी वैतागून आतून कडी लावली. नेमका त्याच दिवशी पाऊस आला आणि घरोघरचा ताजा रंग वाहून गेला. दुसऱ्या दिवशी आयाबाया शाळेच्या दारात येऊन बसल्या. त्या बाई परत आल्याच नाहीत, आणि तेव्हापासून हा वर्ग बी.एड.वाल्या कोणाकडे मान वर करून बघत नाही.

हेडमास्तर मला एवढंच म्हणाले, "मैडम जी, पढ़ाओ न पढ़ाओ, कुंडी मत लगाना." कुंडी म्हणजे आपली दाराची कडी.

मी वर्गात मागे बसले होते तेवढ्यात आभाळ भरून आलं. अर्धा वर्ग न विचारता निघाला. एक मुलगी माझ्यापाशी थांबली. तिचे हात मनगटापर्यंत रंगाने काळेनिळे होते. "आप भी कुंडी लगाओगी क्या?" तिने विचारलं. बसची वेळ झाली म्हणून मी पिशवी उचलली. बसमध्येच ठरवून टाकलं की आता पुरे, नाव काढून घ्यायचं.

मग रात्री कणीक मळताना तुम्ही आठवलात. तुम्ही शाळेत शिकवायचात तेव्हा कापूस वेचणीच्या दिवसांत तुमचा वर्गही असाच रिकामा व्हायचा ना? तुम्ही भाजी निवडत मला सांगितलं होतं, "ज्याले जायचं हाय त्याले दारापाशीच बसवावं. तो जाते, पण वापसही येते." मी हो हो म्हटलं आणि पोळी उलटली. खरंच परत यायची का हो सगळी? तुम्ही रागवत नव्हता? परत आलेल्या पोराला कुठून शिकवायला घ्यायचात? तेव्हा विचारलं असतं तर किती बरं झालं असतं! तुम्ही आता घरातच आहात, कधीही विचारू, असं वाटायचं.

टाचण अजून अर्धंच झालंय. घसा बसलाय, पाय दुखतायत, आणि सोमवारी मला फार सुचेल असंही वाटत नाही. पण नाव काढून घेतलेलं नाही. दार उघडं ठेवीन. मुलं उठून गेली तर जाऊ देत, परत येतील तेव्हा मी फळ्यापाशी उभी असेन. तुम्ही मला अर्ध्यावर टाकून गेलात, आई. मी त्यांना टाकणार नाही.

तुमची,
मंजू