पोटाचं हालणं वजा करून

राजेश्वरी, आक्काचा आशीर्वाद घे आणि सगळं वाच. फोनला तुझी सासू कान लावून बसती, म्हणून चिठ्ठी तुझ्या दाजींच्या हाती धाडलीय.

माझी गर्भपिशवीतली गाठ जाळली, पिशवी न काढता. एक टाका न्हाय. एमआरआयच्या मशीनमधी पालथं झोपवून आवाजाच्या लाटांनी गाठ आतल्या आत तापवली. किती तापली ते मशीनच मोजतं, पण पोट हाललं की आकडा चुकतो. म्हणून मी श्वासच धरला, तर त्यांनी मशीन थांबवलं.

डॉक्टरीण म्हणाली, "मावशी, रोजच्यासारखा श्वास घ्या. श्वासानं पोट कसं हालतं त्याचे फोटो आधीच घेतलेत, तेच वजा करतो. श्वास धरला की काही जुळत नाही."

मी म्हणलं, "मग आधी सांगायचं की. आमी बी टोमॅटो मोजताना क्रेटचं वजन वजा करतो."

तुझ्या गाठीला हे चालंल का, ते तुझे फोटो बघून सांगणार हायत. तवर सोमवारी पिशवी काढायला जाऊ नको. फाईल घे आणि दाजींबरोबर नीघ. सासूला सांग, आक्काचं लई दुखतंय. थोडं दुखतंयच, म्हणजे खोटं व्हायचं न्हाय.

तुझी वाट बघणारी,
आक्का