घड्याळाची स्प्रिंग चिकपेटेत मिळते

राजाजीनगर, बेंगळूरु.
रविवार, दुपार.

तीर्थस्वरूप सौ. प्रेमावहिनी यांच्या चरणी धाकट्या दिराचा, म्हणजे उपेंद्रचा, साष्टांग नमस्कार. (हल्ली कंबर प्रत्यक्ष नमस्काराला परवानगी देत नाही, तेव्हा कागदावरचा गोड मानून घ्यावा.) दादाचा गुडघा काय म्हणतो? त्याला म्हणावं, तेल चोळून घेत बसण्यापेक्षा दिवसातून दहादा गच्चीवर जाणं बंद कर. तुमचा मोतीबिंदू निघाला, हे पुष्करकडून कळलं. आता तुम्हाला माझं अक्षर स्वच्छ दिसणार, याचं जरा वाईट वाटलं. इकडे सर्व क्षेम. हवा छान आहे, असं इथं सगळेच म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.

फोन न करता पत्र का, याचं नवल वाटलं असेल. मी फोनवर बोलू लागलो की रस्त्यावरचा भाजीवालासुद्धा गाडी थांबवून ऐकतो, असं सूनबाईंचं म्हणणं आहे, आणि हे प्रकरण सूनबाईंच्या कानावर जाऊन चालणार नाही. प्रकरण असं की, शलाका येत्या आठवड्यापासून माझी आणि ईराची संध्याकाळची इंग्रजीची बैठक बंद करणार आहे. त्याआधी ती तुम्हाला फोन करून सल्ला विचारील. तुम्ही जन्मभर मिरजेच्या पोरांना इंग्रजी शिकवलंत, त्यामुळे या विषयात आमच्या घरात फक्त तुमचा शब्द चालतो. (माझा शब्द गॅसचा सिलिंडर बदलताना चालतो.) तेव्हा तिचा फोन यायच्या आत माझी बाजू ऐकून घ्या.

ही बैठक सुरू कशी झाली ते तुम्हाला ठाऊक नाही. तुमची धाकटी जाऊ गेली तेव्हा तुम्ही दोघं येऊन राहिलात, मग परत गेलात, आणि संध्याकाळ नावाचा प्रकार माझ्या अंगावर येऊ लागला. पुष्कर आणि शलाका ऑफिसातून येतात ते जेवायलाच. टीव्ही लावावा तर तिथं मंडळी एकमेकांवर ओरडत असतात. अशात एक दिवस ईरा इंग्रजीचं पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, आजोबा, ही गोष्ट मला काही केल्या कळत नाही. मी चष्मा पुसला. वहिनी, माझी सगळी नोकरी सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागात गेली. आमच्या सहीशिवाय तिथून नटसुद्धा बाहेर पडत नसे. दहावीच्या पुस्तकातली चार पानी गोष्ट ती काय, असं मला वाटलं. त्याच वेळी मला कुणीतरी अडवायला हवं होतं.

गोष्ट साधी आहे. परदेशातलं बर्फाळ गाव, तिथला एक म्हातारा घड्याळजी. एक लहान मुलगी आईच्या मागे राहिलेलं टेबलावरचं घड्याळ दुरुस्तीला आणते. तो म्हणतो, उद्या ये. ती दुसऱ्या दिवशी येते, बसते, शाळेतल्या गमती सांगते. तो पुन्हा म्हणतो, उद्या ये. असं करत हिवाळा संपतो, घड्याळ तसंच राहतं आणि गोष्टही संपते. खाली प्रश्न, घड्याळजीनं घड्याळ दुरुस्त का केलं नाही? आता आमच्या विभागाची रीत अशी की, माल नापास झाला की 'का' विचारायचं, उत्तर आलं की त्या उत्तराला पुन्हा 'का', असं मूळ सापडेपर्यंत सोडायचं नाही. घड्याळ का चालेना? स्प्रिंग तुटली. (गोष्टीत स्प्रिंगचा उल्लेख नाही, पण अनुभवानं कळतं.) नवी का बसवली नाही? मिळाली नसेल. का मिळाली नाही? म्हाताऱ्यानं बाजारात चौकशीच केली नाही. का? निष्काळजीपणा. झालं, सापडलं मूळ. मी उत्तर सांगितलं की, स्प्रिंग उपलब्ध नव्हती, घड्याळजीनं इथल्या चिकपेटेच्या बाजारात चौकशी करायला हवी होती. ईरा म्हणाली, पण आजोबा, गाव परदेशातलं आहे. मी म्हटलं, मग कुरियरनं मागवायची.

त्यावर तिनं शंका काढली की, इतक्या जुन्या घड्याळाची स्प्रिंग चिकपेटेत तरी मिळते कशावरून? पुराव्याशिवाय मी बोलत नाही. शनिवारी आजोबा आणि नात मेट्रोनं चिकपेटेत दाखल. तिथं आपण चालायचं नसतं, वहिनी, गर्दी नेईल तिकडे जायचं असतं. गर्दीनं आम्हाला आधी साड्यांच्या गल्लीत नेलं. एका दुकानदारानं 'बन्नी अण्णा' करत मला गादीवर बसवून दोन साड्या उलगडल्यासुद्धा. शेवटी एक घड्याळांचं दुकान सापडलं. मालकानं विचारलं, घड्याळ कुठल्या कंपनीचं? मी म्हटलं, ते गोष्टीत दिलेलं नाही. स्वल्प थांबा, म्हणून त्यानं आतून भावाला बोलावलं, भावानं शेजारच्या दुकानदाराला. माझ्या डोक्याविषयी कन्नडमध्ये चर्चा झाली (मला कन्नड येतं हे मी त्यांना सांगितलं नाही), आणि अखेर ठरलं की घड्याळ आणून दाखवा, स्प्रिंग मिळेल. सरी, म्हणजे ठीक आहे, म्हटलं, आम्हाला तेवढंच हवं होतं. ईरा फुटपाथवर पोट धरून हसत होती. मग आम्ही एक कॉफी दोघांत वाटून घेतली (इथं तशी पद्धतच आहे), आणि मेट्रोत पार राजाजीनगर येईपर्यंत ती मला तिच्या मैत्रिणींची भांडणं सांगत होती. कोण कुणाशी बोलत नाही हे आता मला तिच्या आईपेक्षा जास्त ठाऊक आहे.

पुढं कविता आल्या. कवितांच्या बाबतीत मी कडक होतो, हे कबूल. एका कवितेत रस्ता वाटसरूला विचारतो, बाबा रे, कुठं निघालास? मी म्हटलं, रस्त्याला बोलता येत नाही. ईरा म्हणाली, ही चेतनगुणोक्ती. मी म्हटलं, असेल, पण रस्त्यावर नीट पाट्या लावल्या असत्या तर ही विचारपूस करायची वेळच आली नसती. आणि कवितेच्या कडेला लाल पेन्सिलीनं 'दुरुस्तीसाठी परत' असा शेरा मारून खाली सही केली. हळूहळू माझ्या शिकवण्याची कीर्ती इमारतभर पसरली. (ती मीच पसरवली, असं शलाका म्हणते.) खालच्या मजल्यावरच्या नागराजनी आपला मंजुनाथ पाठवला, मंजुनाथनं तनयला आणलं, तनयनं आपली क्रिकेटची टोळी आणली. जेवणाच्या टेबलाला खुर्च्या पुरेनात. माझी उत्तरं सगळ्यांनी उतरवून घेतली आणि घडाघडा पाठ केली. विद्यार्थी फार आज्ञाधारक निघाले तर शिक्षकानं घाबरावं, हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतंत.

सहामाहीत नेमका तो घड्याळजी आला. शाळेतून शलाकाला फोन गेला, तोही ती ऑफिसात साहेबांपुढं काहीतरी मांडत असताना. तुमच्या इमारतीतल्या पोरांनी एकच उत्तर लिहिलंय, कॉपीचा संशय आहे, घरच्यांनी येऊन भेटावं. बर्फातला तो म्हातारा चिकपेटेत का गेला नाही, असा सवाल एकामागून एक पेपरात होता. एकानं तर त्याला मेट्रोची ग्रीन लाइन पकडायचा सल्लाही दिला होता. (तो तनय. पोरगा पुढं जाईल.)

शलाका मला घेऊन शाळेत गेली. वाटेत एक शब्द बोलली नाही, आणि तुम्हाला ठाऊक आहे, ती बोलते तेव्हा परवडते. इंग्रजीच्या शिवलीला मिस मूळच्या चिकोडीच्या, मराठी झकास बोलतात. मी छाती पुढं काढून सांगितलं की ही कॉपी नाही, हे माझं उत्तर आहे, आणि बाजारात चौकशी करून दिलेलं आहे. मिसनी मला आधी पाणी दिलं. मग म्हणाल्या, पण काका, तुमच्या नातीनं हे लिहिलंच नाही की. आणि ईराचा पेपर काढून वाचून दाखवला. तिनं लिहिलं होतं की, घड्याळ पहिल्याच दिवशी दुरुस्त झालं असतं. पण ते चालू झालं की मुलीचं येणं थांबेल आणि ती घरी पुन्हा एकटी बसेल, म्हणून घड्याळजी रोज एक स्क्रू काढून ठेवायचा. मुलीलाही ते ठाऊक होतं, फक्त ती विचारत नव्हती.

आमच्या विभागात असं कुणी केलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी मेमो दिला असता. हेच बोलायला मी तोंड उघडलं होतं, पण त्याऐवजी मिसना तो पेपर पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. शलाकानं मला उरलेलं पाणी पाजलं. मिस म्हणाल्या, "काका, या पोरीला शिकवायचं माझ्याकडं काही उरलं नाही बघा. घरी कोण शिकवतंय हिला?" शलाकानं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरचा कर्नाटकाचा नकाशा पाहू लागलो. बाकीच्या पोरांना तो प्रश्न पुन्हा लिहायला दिला, कॉपीचा डाग पुसला गेला, पण नागराज हल्ली जिन्यात भेटले की घाईघाईनं नमस्कार करून निघून जातात.

घरी आल्यावर मी ईराला धरलं. इतकं सगळं कळत होतं, तर रोज संध्याकाळी कळत नाही, कळत नाही म्हणत माझ्याकडं यायचीस कशाला? ती दप्तरात उगाच काहीतरी शोधत म्हणाली, "तुम्ही जे सांगता ना आजोबा, ते मला खरंच कळत नाही." आणि पळाली.

तर वहिनी, शलाका तुम्हाला सांगेल की बाबा इंग्रजीला धोकादायक आहेत. तुम्ही तिला एवढंच सांगा की नात धडधाकट आहे, कवितांनाही फारशी इजा झालेली नाही, आणि बैठक चालू राहायला हरकत नाही. दादाला नमस्कार, गच्चीला कुलूप.

आपला आज्ञाधारक (दादाचं मत विचारू नये),
उपेंद्र

ता. क. : शलाका मला धोकादायक वगैरे म्हणालेली नाही. वर मी जरा रंगवून लिहिलं. उलट शाळेतून येताना रिक्षात ती म्हणाली, बाबा, तुम्ही होतात म्हणून पोरगी संध्याकाळी एकटी नव्हती. मग म्हणाली, इंग्रजीत तिला आता कुणाचीच गरज नाही, तर तो वेळ गणिताच्या क्लासला देऊ या. चांगलंच बोलली बिचारी, त्यामुळे भांडताही येईना.

ता. क. दुसरा : तुम्ही म्हणाल, भावोजी, एवढे इंजिनियर आहात, तर गणित तुम्हीच का घेत नाही? घेऊन पाहिलं. गणित मला येतं, वहिनी, तीच तर पंचाईत आहे. पाच मिनिटांत उत्तर निघतं, ते बरोबर असतं, आणि पोर वही मिटून उठून जाते. इंग्रजी मला कळत नाही, म्हणून ते दिवेलागणीपासून पानं घेईपर्यंत पुरतं.

ता. क. तिसरा, आणि खरं काम हेच : शलाकाचा फोन आला की म्हणा, मी स्वतः ईराची परीक्षा घेते. मग तिला एक कविता पाठवा, आणि तिनं काहीही लिहिलं तरी तिला नापास करा. इंग्रजी फार कच्चं आहे, रोज कुणीतरी घेऊन बसायला हवं, असा शेरा मारा. तुम्ही आयुष्यात कुणाला अन्यायानं नापास केलं नाहीत, हे मला ठाऊक आहे. एकदा माझ्यासाठी करा. ईराला यातलं मी अवाक्षर सांगितलेलं नाही. मात्र आत्ता ती माझ्या खुर्चीमागं कधीची उभी आहे कोण जाणे, आणि म्हणते आहे, मिरजेच्या आजींना लिहा, कविता जरा मोठी पाठवा.